चौथी वही

नगरपालिका जळाली त्या रात्री
लझर कारकुनाने तिजोरी सोडली, खुर्च्या सोडल्या,
मोठ्या साहेबांचा फोटो तर पोरांनी
आधीच खाली आपटला होता.
त्याने जन्ममृत्यूच्या वह्या तेवढ्या काढल्या,
ऑलिव्हची पोती वाहायच्या हातगाडीत रचल्या
आणि धुरातून घरी नेल्या,
आजारी गाय न्यावी तशा,
हळू, बोलत बोलत.

सात वर्षं त्या पलंगाखाली होत्या.
सालहा म्हणायची, अख्खं गाव अंगाखाली घेऊन निजतोस,
झोप कशी लागेल?

मधल्या काळात राज्य म्हणजे काय होतं, ते मला विचारा.
ट्युनिसमध्ये घटना लिहीत होते,
एकेका कलमावर पहाट व्हायची,
आम्ही टीव्हीसमोर टाळ्या वाजवायचो.
इथे कचरा शाळेच्या भिंतीएवढा झाला,
मग भिंतीहून उंच,
पोरं त्याच्यावरून उडी टाकून
माझ्या भूमितीच्या तासाला यायची, उशिरा,
आणि ढिगाची उंची अचूक सांगायची.
क्रांतीला महिना लागला.
कचरागाडीच्या टायरला सव्वा वर्ष.

मग निवडणूक आली आणि यादी हवी झाली.
वर्गात रात्री बसलो, तो वाचायचा, मी टाइप करायचे.
मुनजीच्या नावाशी तो थांबला.
चौकात पडला होता तो, जानेवारीत,
सगळ्यांनी पाहिलेलं.
मृत्यूच्या वहीत मात्र नोंद नाही,
कारण लिहायला तेव्हा कुणाचा हात धजला नव्हता.
कागदोपत्री मुनजी जिवंत, मतदानाला पात्र.
लझरने टोपण काढलं.
कारण: गोळी.
शिक्का आगीत वितळून काळी गोगलगाय झाला होता,
म्हणून अंगठा उठवला.
बराच वेळ अंगठा पुसत राहिला नंतर.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राध्यक्ष.
निळ्या शाईची बाटली, पडद्यामागे बाक,
समोरच्या कॅफेत तरुण मुलं, कोरी बोटं टेबलावर पसरून.
मत देऊन काम मिळतं का, मास्तरीणबाई?
उत्तर नव्हतं. आजही नाही.
फतहिया आजी दोनदा आली,
दुसऱ्यांदा नुसतीच, शाई दाखवायला.

दुपारी लझर आला, इस्त्रीचा सदरा घालून.
यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.
नाव नाही.
"चौथी वही," तो म्हणाला. "वरच्या फळीवर होती,
हात पोचला नाही. माझी आणि आणखी एकशेबारा जणांची."
वाचताना तुम्हाला कळलं असेल की! बोलला का नाहीत?
"तू यादी हाताने वाढवली असतीस.
एकदा हाताने वाढली, की मग ती कुणाच्याही हाताने वाढते."
मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही,
रांगेत मागे कुणीतरी खोकत होतं.
तो बाजूला झाला
आणि फाटकापाशी बायकांची तान्ही सांभाळत बसला
पाच वाजेपर्यंत.

मोजणीत एका मतपत्रिकेवर कुणीतरी लिहिलं होतं: टायर.
बाद केली. नियम आहे.

आता नगराध्यक्ष कोण यावर तीन आठवडे
निवडून आलेले भांडताहेत, दार लावून, मोठ्याने,
आणि ते आम्हाला बाहेर ऐकू येतं, हेही नवीनच.
लझरने कोरी वही विकत घेतलीय, स्वतःच्या पैशाने,
कापडी पाठीची.
आठवणीतून एकशेबारा नावं झाली.
स्वतःचं लिहिता येत नाही त्याला.
जन्म पाहिलेले दोन साक्षीदार लागतात.
फतहिया आजी येऊन सांगून गेली,
टोळधाडीचं वर्ष, तुझी आई केवढी किंचाळली होती,
आम्हाला वाटलं शेतावर आले टोळ.
तिचं बोट अजून निळं होतं, तेच तिने टेकवलं.

एक झाला.
दुसरा साक्षीदार शोधतो आहोत.
सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर सांगा.